कराटे-तायक्वांदोच्या ग्रुपवर वाद पुन्हा पुन्हा पेटतो: काय तपासायचं, कोणता शब्द बदलायचा

आधी लक्षणं.

गोव्यातल्या एखाद्या कराटे किंवा तायक्वांदो क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्पर्धेची चाळीस सेकंदांची क्लिप येते. पहिले तीन-चार मेसेज अभिनंदनाचे असतात. मग कोणीतरी लिहितो, "पण खऱ्या मारामारीत ही किक चालली असती का?" तासाभरात मेसेजची रांग लागते आणि क्लिपमधला मुलगा कोण होता, हेही कोणाच्या लक्षात राहत नाही. बेल्ट परीक्षेचे फोटो पडले की दुसऱ्या दिवशी एखादी आई काही न बोलता ग्रुप सोडते. इथल्या मेसेजचा स्क्रीनशॉट फोंड्याच्या क्लासच्या ग्रुपवर पोचतो आणि तिथून उत्तर येतं. सर गप्प असतात. आठवड्याने एक मुलगा क्लासला येणं बंद करतो, आणि कारण विचारलं तर घरचे "अभ्यास" सांगतात.

भांडण पेटण्याआधी दिसणाऱ्या खुणा तीन. "तुम्ही" म्हणणारा माणूस "तू"वर येतो. मराठीत लिहिणारा अचानक इंग्रजी किंवा हिंदी धरतो. आणि लिहिणं थांबून दोन-दोन मिनिटांचे व्हॉइस मेसेज सुरू होतात. यातल्या दोन एकत्र दिसल्या की खालची तपासणी सुरू करा, तिसरीची वाट पाहू नका.

बहुतेक ॲडमिन पहिला उपाय म्हणून कोणाला तरी काढून टाकतात. तीन आठवड्यांनी दुसरेच दोघे त्याच जागी भांडतात. बिघाड माणसात असतो त्यापेक्षा वाक्यात जास्त वेळा असतो, म्हणून तपासणी वाक्यापासून सुरू करायची. क्रम सोप्याकडून अवघडाकडे ठेवला आहे. पहिल्या दोन पायऱ्यांना एक पैसा लागत नाही आणि वेळ पाच मिनिटांचा.

पहिली तपासणी: तू, तुम्ही आणि मरे

गोव्यातल्या ग्रुपवर मराठी, कोंकणी, हिंदी आणि इंग्रजी एकाच धाग्यात असतात. कोंकणीतला "तूं" जितक्या सहज येतो तितका मराठीतला "तू" अनोळखी माणसासाठी येत नाही. पेडण्याचा मुलगा सवयीने "तूं सांग" लिहितो आणि कोल्हापूरहून बदली होऊन आलेल्या पालकाला तो उर्मटपणा वाटतो. "कितें मरे" ही इथली दोस्तीतली हाक. ज्याने ती कधी ऐकलेली नाही, तो "मरे" वाचून काय अर्थ लावेल, हे सांगायला नको. रोमन लिपीत लिहिलं की गोंधळ वाढतो, कारण आवाजातला लाड अक्षरांत उतरत नाही.

उपाय साधा आहे. ग्रुपवर सगळ्यांना "तुम्ही", अगदी पंधरा वर्षांच्या ग्रीन बेल्टलाही. शिकवणाऱ्यांना नावापुढे सर, मॅडम किंवा त्या शैलीत जो शब्द चालतो तो: कराटेत सेन्सेई, तायक्वांदोत साबूम. आपला मेसेज चुकला असं वाटलं तर व्हॉट्सॲपवर पहिल्या पंधरा मिनिटांत तो सुधारता येतो. तेवढ्यात "तू"चं "तुम्ही" करा. पुसून टाकू नका. पुसलेल्या मेसेजच्या जागी तो पुसल्याची खूण राहते, आणि ती पाहून लोक लिहिलं होतं त्याहून वाईट काहीतरी कल्पना करतात.

दुसरी तपासणी: वाक्याचा कर्ता कोण?

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण सगळ्यात जास्त दुरुस्ती इथेच होते. भांडण जिथून सुरू झालं तो मेसेज शोधा आणि त्यातला कर्ता ओळखा. माणूस आहे, शैली आहे, की हालचाल?

एक वाक्य जवळून पाहू. "तुमच्या मुलाची साईड किक एकदम चुकीची आहे, शिकवलंच नाही वाटतं कोणी." यात तीन माणसांना मार बसला: मुलगा, त्याचे पालक आणि त्याचे सर. आणि माहिती शून्य, कारण काय चुकलं ते वाक्यात कुठेच नाही. लिहिणाऱ्याला बहुधा दिसलं होतं हे: किक जाताना उभ्या पायाची टाच लक्ष्याकडे वळत नाही. टाच वळली नाही की कंबर बंद राहते, पाय पुढच्या किकसारखा वर चढतो आणि सगळा पीळ उभ्या गुडघ्यावर येतो. तेच लिहा: "बाराव्या सेकंदाला उभ्या पायाची टाच मागेच राहिलेली दिसते. ती लक्ष्याकडे वळली तर गुडघ्यावरचा ताण कमी होईल. सर, बरोबर का?"

या दुसऱ्या वाक्यात चार गोष्टी आहेत. सेकंद सांगितला आहे, म्हणून दुसऱ्याला जाऊन पाहता येतं. अवयव सांगितला आहे, म्हणून मुलाला ते उद्या करून पाहता येतं. कारण सांगितलं आहे. आणि शेवटचा शब्द ज्यांचा तो विद्यार्थी आहे त्यांना दिला आहे. सेकंद, अवयव, कारण, प्रश्न, एवढं मुलांना पाठ करायला लावा. या चारांतलं एकही लिहिता येत नसेल, तर आपल्याला चूक दिसलेली नाही, फक्त आवडलेलं नाही. मग न लिहिलेलं बरं.

आणखी एक गोष्ट, जी क्लासमध्ये आपोआप पाळली जाते आणि फोनवर विसरली जाते. दुसऱ्याच्या डोजोत, म्हणजे सरावाच्या जागेत, जाऊन त्यांच्या विद्यार्थ्याला कोणी न विचारता दुरुस्त करत नाही. ग्रुपवरही आधी "सूचना चालेल का?" एवढं विचारा. "नको, आज फक्त कौतुक करा" असं उत्तर आलं तर तेही पूर्ण उत्तर आहे. आठ वर्षांची मुलगी पहिलं पदक घेऊन घरी आली असेल, तर त्या संध्याकाळी तिच्या टाचेची चर्चा कशाला?

तिसरी तपासणी: ठिणगीचे शब्द

काही शब्द कोणत्याही वाक्यात आले की पेट घेतात. धाग्यात हे शोधा: खरं कराटे, फेक, बोगस, नाच, रिअल फाइट, बेल्ट विकतात.

"खरं कराटे" म्हटलं की बाकीचं सगळं खोटं ठरतं. त्याऐवजी शैलीचं नाव घ्या: शोतोकान, गोजु-र्यू, शितो-र्यू, वादो-र्यू. "शोतोकानमध्ये उभं राहणं जास्त लांब आणि खोल असतं" यावर बोलता येतं. "खऱ्या कराटेत असं उभं राहत नाहीत" यावर फक्त भांडता येतं.

"फेक" हा शब्द फसवणुकीचा आरोप आहे. तंत्र उपयोगाचं वाटत नसेल तर कोणत्या अंतरावर, कोणत्या हल्ल्याविरुद्ध, समोरचा विरोध करत असताना की नसताना, ते लिहा. "जोडीदार हात सोडून देतो तेव्हाच हे जमतं असं दिसतं, घट्ट धरला तर काय करतात?" हा चांगला प्रश्न आहे, आणि जाणकार त्याला आनंदाने उत्तर देतात.

काता म्हणजे कराटेतल्या हालचालींचा एकट्याने करायचा ठरलेला क्रम. "काता म्हणजे नुसता नाच" हे वाक्य गोव्यात तर दुप्पट चुकतं. डिचोली, पेडणे, सत्तरीत शिगम्याला घोडेमोडणी निघते. कमरेला लाकडी घोडा, हातात तलवार, ढोल-ताशाच्या ठेक्यावर पावलं. तो नाच आहे आणि त्यात लढाईची आठवणही आहे. नाच हा शब्द इथे शिवी म्हणून वापरला की कातावाल्यांना लागतोच, गावच्या मांडावर नाचणाऱ्यालाही लागतो. काताबद्दल शंका असेल तर "या हालचालीचा जोडीदाराबरोबरचा उपयोग काय?" असं विचारा. त्या विचाराला कराटेत बुनकाई असा शब्दच आहे.

"रिअल फाइट" बदलून ठिकाण लिहा: स्पर्धेत, बसस्टँडवर गळा धरला तर, की जमिनीवर पडल्यावर. तीन ठिकाणांची तीन उत्तरं असतात.

हसून डोळ्यांत पाणी आलेला इमोजी यादीत धरा. शब्द नसला तरी काम तेच करतो, आणि तांत्रिक प्रश्नाखाली तो टाकणाऱ्याला नंतर "मी काही बोललोच नाही" म्हणता येतं, म्हणून जास्त खुपतो.

निवडलेल्या एका शब्दाने किती फरक पडतो, हे या कलांच्या इतिहासातच दिसतं. कराटे आधी "चिनी हात" या अर्थाच्या अक्षरांनी लिहिलं जाई. २५ ऑक्टोबर १९३६ रोजी ओकिनावात नाहा इथे ज्येष्ठ गुरू एकत्र बसले आणि "रिकामा हात" या अर्थाचं अक्षर वापरायचं ठरलं. उच्चार तोच राहिला. तायक्वांदोच्या जागतिक संघटनेने २०१७ मध्ये नावातला महासंघ हा शब्दच काढून टाकला, कारण इंग्रजी आद्याक्षरं इंटरनेटवरच्या एका शिवीशी जुळत होती.

चौथी तपासणी: दोघे एकाच नियमांबद्दल बोलत आहेत का?

अर्धे वाद इथे विझतात. क्लिपखाली नियम लिहिलेले नसतात आणि प्रत्येक जण आपल्या खेळाचे नियम लावून पाहतो.

गिरकी घेऊन डोक्यावर बसलेली किक घ्या. जागतिक कराटे महासंघाच्या कुमितेत, म्हणजे समोरासमोरच्या लढतीत, तिला ३ गुण, साध्या डोक्यावरच्या किकइतकेच. जागतिक तायक्वांदो संघटनेच्या नियमांत साध्या किकला ३ आणि गिरकीच्या किकला त्याहून जास्त. मग तायक्वांदोची मुलं ती जास्त वेळा मारतात, यात "दिखाऊपणा" काही नाही. तसंच हात खाली ठेवण्याचं. त्याच नियमांत डोक्यावर ठोसा चालत नाही, म्हणून हात छातीपाशी किंवा खाली राहतात. कराटेचा पालक ते पाहून लिहितो, "गार्डच नाही!" क्योकुशिन या कराटेच्या शैलीत अंगावर पूर्ण जोराने मारतात आणि डोक्यावर पाय चालतो, पण मूठ चालत नाही. बॉक्सिंगवाल्याला ते अर्धवट वाटतं, आणि क्योकुशिनवाल्याला पॉइंट कराटे.

७ ऑगस्ट २०२१ची टोकियो ऑलिंपिकची ७५ किलोंवरच्या पुरुषांची अंतिम लढत अजून फिरते आणि दर वेळी भांडण लावते. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी ४-१ने पुढे होता. त्याच्या किकने इराणचा सज्जाद गंजजादेह बेशुद्ध पडला, आणि सुवर्ण गंजजादेहला मिळालं. "पडलेला जिंकला, हा कसला खेळ" अशी पहिली प्रतिक्रिया येते. त्या नियमांत स्पर्श ताब्यात ठेवणं हा कौशल्याचाच भाग आहे आणि जास्त जोराने मारणं हा अपात्रतेचा गुन्हा आहे. नियम पटत नाही असं म्हणायला हरकत नाही. "पंच विकले गेले" म्हणायला आहे.

दुरुस्ती: प्रत्येक क्लिपखाली एक ओळ सक्तीची करा. खेळ, कोणाचे नियम, वयोगट, आणि काय विचारायचं आहे. उदाहरणार्थ: "तायक्वांदो, जागतिक तायक्वांदोचे नियम, कॅडेट, दुसरी फेरी. मागच्या पायाच्या किकनंतर तोल का जातो?" ही ओळ नसेल तर ॲडमिनने शांतपणे तेवढीच मागावी. चर्चा त्यानंतर.

पाचवी तपासणी: बेल्टचा रंग

बेल्टवरचे वाद कडवट असतात, कारण त्यात पैसा, मूल आणि सरांची अब्रू एकत्र येतात. दोन गोष्टी आधी ग्रुपवर लिहून ठेवा. एक, रंगांचा क्रम आणि दोन परीक्षांमधला काळ संघटनेप्रमाणे बदलतो, म्हणून म्हापशाच्या एका क्लासचा ब्राऊन आणि मडगावच्या दुसऱ्या क्लासचा ब्राऊन यांची तुलना होत नाही. दोन, ब्लॅक बेल्टची पहिली पायरी शोदान, आणि त्यातल्या "शो"चा अर्थच सुरुवात असा आहे. तायक्वांदोत कुक्कीवोन या जागतिक मुख्यालयाच्या पद्धतीप्रमाणे पंधरा वर्षांखालच्या मुलांना दान देत नाहीत, पूम देतात, आणि त्यांचा पट्टा काळा-लाल असतो. "दहा वर्षांचा ब्लॅक बेल्ट कसा?" या प्रश्नाचं उत्तर बरेचदा इथे असतं.

फी किंवा परीक्षेबद्दल खरी तक्रार असेल, तर ती ग्रुपवर लिहू नये. सरांना समोर भेटून विचारावं: परीक्षक कोण, प्रमाणपत्र कोणत्या संघटनेचं, नोंदणी क्रमांक कुठे तपासता येतो. पालकांना हे विचारायचा पूर्ण हक्क आहे. मुलाच्या फोटोखाली "बेल्ट विकतात" असं लिहायचा मात्र नाही. त्या मुलाने सहा महिने घाम गाळलेला असतो आणि संघटनांचं राजकारण त्याला माहीतही नसतं.

सहावी तपासणी: "सगळं भारतातूनच गेलं"

हा वाद अभिमानाचा आहे, म्हणून हळुवार हाताळा. बोधिधर्म भारतातून चीनला गेला आणि त्याने शाओलिनला युद्धकला शिकवली, असं सांगितलं जातं. बोधिधर्माचा काळ ५वं-६वं शतक मानतात. त्याला शाओलिनच्या व्यायामाशी जोडणारा मजकूर मात्र १७व्या शतकातल्या यिजिन जिंग या ग्रंथात येतो आणि त्याची प्रस्तावना बनावट असल्याचं अभ्यासक मानतात. हे सांगताना "मूर्खा, ही दंतकथा आहे" लिहिलं तर समोरचा पुढचं वाचणारच नाही. क्रियापद बदला: "अशी परंपरा आहे", "अशी नोंद आहे", "नोंद सापडत नाही". तीन क्रियापदं, तीन वजनं. परंपरेला परंपरा म्हटल्याने ती लहान होत नाही.

अभिमानाला खरी जागा हवी असेल तर ती जवळच आहे. २०२३ मध्ये गोव्यात झालेल्या ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत केरळचं कळरीपयट्टू आणि पंजाबचा गटका होते. २०२५ मध्ये उत्तराखंडात कळरीपयट्टू फक्त प्रात्यक्षिकापुरतं राहिलं आणि केरळात नाराजी उमटली. त्यावर बोला, पण केरळच्या माणसाला "तुमची कला" आणि आपल्याला "आमचा मर्दानी खेळ" अशी वाटणी न करता.

सातवी तपासणी: मुली, मुलं, अंग

थोडक्यात. "मुलीसारखा मारतो", "या वजनाला कसलं स्पारिंग", "बाई असून छान": तिन्ही बंद, कौतुक म्हणूनही. वजनाचा उल्लेख फक्त वजनगटाच्या संदर्भात. अठराखालच्या मुलाची क्लिप पालकांच्या संमतीशिवाय टाकायची नाही आणि ग्रुपबाहेर पाठवायची नाही. हरलेल्या लढतीची तर मुलाला विचारल्याशिवाय घरच्यांनीही टाकू नये.

आठवी, आणि अवघड: पेटलेलं विझवणं

शब्द सुटून गेलेले आहेत, माणसं दुखावली आहेत. आता ग्रुप सेटिंगमध्ये जाऊन फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील असं करा आणि सोबत एकच मेसेज टाका: "ग्रुप उद्या संध्याकाळच्या क्लासपर्यंत बंद ठेवत आहोत. क्लिपवरची चर्चा उद्या पुढे नेऊ. तोवर यावर दुसऱ्या ग्रुपवर लिहू नये, ही विनंती." कोणाचं चुकलं ते त्यात लिहू नका. एका दिवसापेक्षा जास्त बंद ठेवू नका. लांबलं की लोक बाजूला छोटे ग्रुप काढतात आणि तिथलं मग कोणाच्याच हातात राहत नाही.

नंतर फोन. आधी ज्याला लागलं त्याला, मग ज्याने लिहिलं त्याला. उलट केलं तर पहिला म्हणतो, "तुम्ही त्याचीच बाजू ऐकून आलात." फोनवर न्याय करायचा नाही, फक्त विचारायचं: कोणता शब्द लागला? उत्तर बहुतेक वेळा एकाच शब्दावर येतं, आणि तो शब्द सापडला की काम सोपं होतं.

दुरुस्ती तिथेच व्हावी जिथे शब्द पडला. खाजगीत माफी आणि ग्रुपवर शांतता, हे पुरत नाही, कारण मुलाने अपमान सगळ्यांसमोर वाचलेला असतो. "कोणाला वाईट वाटलं असेल तर माफ करा" हे वाक्य टाळायला सांगा. त्यात चूक वाचणाऱ्यावर ढकलली जाते. असं लिहावं: "काल मी 'शिकवलंच नाही' असं लिहिलं. ते सरांबद्दल होतं आणि ते चुकीचं होतं. मला टाचेबद्दल म्हणायचं होतं." तीन वाक्यं बस्स. त्याखाली ॲडमिनने नमस्कार टाकून विषय मिटवावा आणि सरांनी, जमलं तर, टाचेबद्दल उत्तर द्यावं. मूळ प्रश्नाला उत्तर मिळालं की लोक पुन्हा लिहू लागतात.

त्याच माणसाबाबत हे सगळं तीनदा करावं लागलं, तर त्याला काढा, पण आधी फोनवर सांगून.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

"ये, भेट, दाखवतो" हे वाक्य दुसऱ्या कुठल्या ग्रुपवर फुकाचं असेल. इथे दोघांनाही मारता येतं आणि दोघांनाही क्लासची वेळ ठाऊक असते. आव्हान किंवा धमकी दिसली की समजूत घालणं थांबवा. तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, काही पुसू नका, दोन्ही क्लासच्या सरांना फोन करा. ठिकाण-वेळ ठरलेली दिसली तर ११२. धमकावणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१खाली गुन्हा आहे. खोटी खाती, बदललेले फोटो, मुलीच्या क्लिपवर घाणेरडे शेरे, यासाठी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा सायबर पोलिसांत तक्रार करावी. दुसऱ्याच्या मेसेजबद्दल आपल्यालाच धरतील या भीतीने ॲडमिन पुष्कळदा पुरावा पुसतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं की समान हेतू नसेल तर सदस्याच्या मेसेजसाठी ॲडमिन जबाबदार ठरत नाही. पुरावा ठेवा.

शिकवणाऱ्याने मुलाशी गैरवर्तन केल्याचा आरोप आला, तर तो चर्चेचा विषयच नाही. खरं-खोटं विचारू नका, मुलाचं नाव येऊ देऊ नका, ग्रुप लगेच बंद करा आणि १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाईनला किंवा पोलिसांना कळवा. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या, कायद्यात माहिती असलेल्याने कळवणं बंधनकारक आहे. सर कितीही आदरणीय असोत.

आणि "काल स्पारिंगमध्ये डोक्याला लागलं, आज दोनदा उलटी झाली, काय करू?" असा मेसेज आला, तर त्याखाली हेल्मेट चांगलं की वाईट, ही शैली की ती, अशी चर्चा लगेच सुरू होते. ती वाचू नका. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात गोंधळ, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसणं, झटका, यातलं काहीही असेल तर १०८ला फोन करून गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) किंवा जवळच्या इस्पितळात न्यायचं. ॲडमिनने मेसेज न लिहिता त्या घरी थेट फोन लावावा, आणि निघाले का ते विचारूनच तो ठेवावा.